दंतौष्ठ्य

दाभोळच्या बंदर कचेरीत, घरघरत्या पंख्याखाली
मी आडनावांची हाडं मोजते.
रीत सोपी. कोलंबी सोलतात तसं सोलायचं,
फक्त इथे डोकं टाकायचं नाही, ते ठेवायचं.
काने, मात्रा, वेलांट्या, सगळं सालपट.
उरल्या व्यंजनांना आकडे:
ओठांवरच्या सगळ्यांना एक,
घशाकडच्यांना दोन,
ल आणि र आपापले एकटे, चार नि सहा.
तीन आकडे झाले की सुरी खाली.
आडनाव कितीही लांब असो,
चौथ्या घरापलीकडे यंत्राला ऐकू येत नाही.

काम असं, की मुंबईच्या एका मोडीत निघालेल्या जहाज कंपनीकडे
एकशे चौदा खलाशांचा पगार पडून आहे.
कंपनीची यादी इंग्रजीत, गोदीतल्या कारकुनाच्या कानाने लिहिलेली,
गावची वही मराठीत, तलाठ्याच्या कानाने.
दोन्ही कान कधीच मातीला गेले.
तिसरा कान मी चालवते,
रोजंदारीवर, दोन ते सहा,
वीज असेल तर.

पी सहाशे सव्वीस. कळ दाबली
आणि एका खणात येऊन बसले
अंजनवेलचा इब्राहिम पारकर,
वेलदूरचा सोनू पारकर,
कुणी पोरकर, कुणी पुरकर,
आणि एडनहून सही ठोकणारा कप्तान पार्कर.
त्याचा पगार कुणी थकवला असेल असं वाटेना,
त्याला हाताने उचलून बाहेर ठेवला.
बाकीचे बसू दिले दाटीवाटीने.
बोटीवरही बसतच असतील.

मग धोपाव्याहून फेरीबोटीने यसूबाई आली.
पिशवीत दोन कागद, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले.
एक नवऱ्याचा, एक दिराचा.
सख्खे भाऊ. भरतीला एका रांगेत, पाठोपाठ.
धोपावकर. पण कारकुनाने
थोरल्याला व्ही लावला, धाकट्याला डब्ल्यू.
व्ही यंत्राला कळतो, त्याचा एक.
डब्ल्यू म्हणजे त्याच्या लेखी नुसती फुंकर, शून्यसुद्धा नाही.
डी एकशे बारा. डी एकशे सव्वीस.
पडद्यावर उमटलं: नाते आढळत नाही.

मी म्हटलं, आजी, नाव सांगा.
नवऱ्याचं नाव अजून तिच्या ओठावर अडतं,
आडनावाला अडली नाही.
धोपावकर, ती म्हणाली, आणि मला ऐकू आला
व नव्हे, व ची झुळूक.
तोंडात एक दात नाही.
सातवीत बाईंनी घोकून घेतलं होतं:
वरचे दात, खालचा ओठ, दंतौष्ठ्य.
दात गेले की ओठ तेवढा उरतो.

सहज विचारलं, दिराचे दात कसे होते?
ती हसली. "म्होरचं दोन न्हवतंच की.
ल्हानपनी वल्लं लागलं तोंडावर."

म्हणजे त्या कारकुनाने चूक केलीच नव्हती.
पन्नास माणसांच्या रांगेत, गोदीच्या गोंगाटात
त्याने एका पडक्या दाताची जागा
बरोबर लिहून ठेवली होती.

ती बोलत राहिली. मी थांबवलं नाही.
होडी पल्याडहून येताना दिसली की
ती धक्क्यावरून हाक मारायची, अवो.
मधला व खाडीत पडायचा,
पोचायचा अ, आणि मग पुष्कळ वेळ ओ.
तेवढ्यावर तो वल्हं वर करायचा.
यंत्र आधी फेकतं ते नेमकं हेच,
वारा जेवढं पोचवतो तेवढं.

साडेपाचची फेरी गाठायला ती उठली.
मी दोन्ही नावं हाताने जोडली
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
धाकट्यास पुढील दोन दात नव्हते.
साहेब सोमवारी येतील.
विचारतील, याचा कोड काय.